टाहोला नायट्रॉक्स घेऊन जाताय? परतीचा घाट विसरू नका

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला असते. नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजनच्या हवेवर डाइव्ह करायचा, कोर्स झालाय, आता ग्रुपबरोबर डोंगरातल्या लेक टाहोला डाइव्ह करायचा बेत आहे. इथूनच 32 टक्के ऑक्सिजनची टाकी भरून न्यायची, सकाळी निघून दुपारी पाण्यात, रात्री घरी. नायट्रॉक्समध्ये नायट्रोजन कमीच असतो, मग उंचीचा वेगळा हिशोब कशाला?

उत्तर: हिशोब करावाच लागेल, आणि कृपा करून एका दिवसात उरकू नका. टाहोचं पाणी जवळपास 1,900 मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण 80 टक्केच, त्यामुळे वर आल्यावर अंगातला नायट्रोजन जास्त जोराने बाहेर पडायला बघतो आणि म्हणून तिथली 18 मीटरची डाइव्ह टेबलवर (किती खोल किती वेळ राहायचं त्या तक्त्यात) 22 च्या आसपास धरायची असते. आता त्यात 32 टक्के नायट्रॉक्स घातलं की आकडा परत समुद्रावरच्या साध्या हवेच्या 18 मीटरजवळ येतो. म्हणजे नायट्रॉक्सने जे कमावलं ते उंचीनेच घेतलं. नायट्रॉक्स जरूर वापरा, पण त्याच्या भरवशावर पाण्यातला वेळ वाढवू नका.

खोलवर ऑक्सिजनच विषारी ठरू नये म्हणून जी खोलीची मर्यादा असते ती समुद्रावरचीच पाळा, 32 टक्क्यांना 33 मीटर. गणिताने तिथे थोडं आणखी खाली जाता येतं, पण त्याच्या नादी लागू नका.

खरा धोका अ‍ॅनालायझरचा (टाकीतला ऑक्सिजन मोजायच्या यंत्राचा) आहे, ह्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्याचा सेन्सर टक्के मोजत नाही, ऑक्सिजनचा दाब मोजतो. घरी कॅलिब्रेट केलेला तसाच वर नेलात तर साध्या हवेला 21 च्या जागी 17 दाखवेल आणि तुमच्या 32 च्या टाकीला 26! मग तुम्ही 40 मीटरच्या पुढेही चालेल असं धरून चालाल, आणि जास्त ऑक्सिजनमुळे आकडीचा झटका पाण्याखाली आला तर सावरायला वेळ मिळत नाही हो. तळ्याकाठी, तिथल्याच हवेवर 20.9 ला लावा आणि मगच टाकी तपासा. डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये गॅस 32 टाकलाय ना आणि उंची त्याने घेतलीय ना, दोन्ही पाण्यात उतरायच्या आधी बघा, काही मॉडेल्सना उंची हाताने सेट करावी लागते.

पोचल्या पोचल्या उतरू नका. खालून येताना अंगात जास्तीचा नायट्रोजन असतोच, अमेरिकन नेव्हीच्या पद्धतीत त्यासाठी 12 तास थांबतात, म्हणून आदल्या संध्याकाळी जाऊन मुक्काम करा.

आणि परतीचं. सगळ्यांना वाटतं घरी जायचं म्हणजे खाली उतरायचं, पण हायवे 50 ने गेलात तर आधी एको समिट लागतो, साधारण 2,250 मीटर, आणि 80 ने गेलात तर डॉनर समिट, 2,200 च्या आसपास. म्हणजे डाइव्हनंतर तळ्यापेक्षा 300 मीटर तरी आणखी वर चढायचं. त्या रात्री तिथेच राहा, सकाळी निघा. गाडीत इमर्जन्सी ऑक्सिजनचा किट ठेवा आणि तो लावता येणारं ग्रुपमध्ये कोणीतरी असू द्या.