चवळीच्या शेंड्यांवर मावा आहे, सोबत काळ्या-नारिंगी अळ्याही दिसतात. फवारणी करू का?

इतक्यात नको! मगरीसारखी लांबट, काळी, नारिंगी ठिपक्यांची ती अळी बहुतेक ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची असेल. मावा फस्त करण्यात ती मोठ्या किड्याइतकीच खादाड. पान उलटून बघा, पिवळी उभी अंडीही पुंजक्याने सापडतील. सरसकट कीटकनाशक मारलंत तर हेही मरतात आणि मावा पुन्हा झपाट्याने वाढतो. माव्याच्या चिकट स्रावाने शेंडे फारच माखले असतील तर ढालकिडे नसलेल्या शेंड्यांवर नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा द्या.

द्राक्षबागेत पिठ्या ढेकूण या पांढऱ्या, रस शोषणाऱ्या किडीच्या बंदोबस्तासाठी क्रिप्टोलेमस हा ढालकिडा मुद्दाम सोडतात. त्याची अळी पांढरी, मेणचट, हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. तिला चिरडू नका. वांग्यावरचा ढालकिड्यासारखाच दिसणारा २८ ठिपक्यांचा, निस्तेज भुंगेरा मात्र पानं खरवडून जाळी करतो, तो वेचून काढा.