अंदमानातल्या छोट्या हॉस्टेलवर तीन महिन्यांची इंटर्नशिप: जावं का, आणि काम नेमकं काय असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, बी.ए. झालंय, स्वराज द्वीपावरच्या (जुनं नाव हॅवलॉक) २४ खाटांच्या हॉस्टेलने नोव्हेंबरपासून तीन महिने बोलावलंय. राहणं-जेवण फुकट, पगार नाही. जावं का, आणि तिथे करावं काय लागेल?

जा. पण रोजचे तास किती आणि आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी, हे आधी लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर लिहून आलं तरी पुरे. खाट आणि जेवण यांच्या बदल्यात दिवसाला ५ तास, आठवड्याला ५ दिवस हे मला रास्त वाटतं. त्याच्या वर काम असेल तर पैसे मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सीझनमध्ये रेल्वे आणि विमान धरून जाण्यायेण्याचेच पंधरा-वीस हजार सहज जातात, आणि ते तुमच्या घरचे आहेत. "इथे सगळे घरच्यासारखे राहतात, तास कोण मोजतं" असं उत्तर आलं तर बारा तासांची ड्युटी समजून दुसरीकडे विचारा.

आता काम. दिवसाचा मोठा भाग चादरींत जातो. प्रत्येक खाटेला ३ संच लागतात: एक खाटेवर, एक धुण्यात, एक कपाटात. म्हणजे ७२ चादरी आणि ७२ अभ्रे. याहून कमी असतील तर दोन दिवसांच्या पावसात सगळं अडतं, कारण तिथल्या दमट हवेत कापड वाळतच नाही. आपल्याकडे एप्रिलात दोरीवर टाकलेली चादर अर्ध्या तासात कडक होते. तिथे छपराखाली, वाऱ्यावर टाकूनही अख्खा दिवस जातो. अर्धवट वाळलेली चादर घडी करून ठेवली की दुसऱ्या दिवशी कुबट वास आणि काही दिवसांत बुरशीचे काळे ठिपके, जे मग धुऊनही नीट निघत नाहीत. म्हणून घडी घालण्याआधी चादरीचा काठ, जिथे कापड दुमडून शिवलेलं असतं, तो चिमटीत धरून पाहायचा. मधलं कापड हाताला कोरडं लागतं तेव्हाही ओल त्या शिवणीत दडलेली असते. काठ थंड लागला की चादर परत दोरीवर.

वरच्या खाटेची चादर खाली उभं राहून नीट बसत नाही. शिडीवर चढून गादी आपल्याकडे वीतभर ओढायची, भिंतीकडची बाजू आधी खोचायची, गादी परत ढकलायची आणि मग पुढची बाजू. हात बसला की एका खाटेला ५-६ मिनिटं. चेकआउट १० ला, चेकइन १ ला आणि बदलायच्या १० खाटा, असं धरलं तर खाटांना एक तास, दोन बाथरूमना चाळीस मिनिटं, झाडू-पोछ्याला अर्धा तास. गणित बसतं. बिघडतं ते बोटीमुळे. सकाळची बोट लागली की दहा-बारा जण एकदम दारात येतात, आणि आतले अजून दात घासत असतात. अशा वेळी आधी पाणी द्यायचं, बॅगांना नावाची चिठ्ठी बांधून एका जागी ठेवायच्या, ओळखपत्रं घेऊन नोंदी उरकायच्या. माणूस वाट पाहायला तयार असतो, त्याला फक्त किती वाजता खाट मिळेल तो नेमका आकडा हवा असतो.

ढेकणांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हॉस्टेलचं नाव खराब होतं ते बहुतेक वेळा यानेच. ढेकूण अस्वच्छतेने येत नाहीत, प्रवाशांच्या बॅगांतून येतात. चांगल्या हॉस्टेलातही येतात. प्रत्येक चादर बदलताना मोबाइलचा टॉर्च लावून गादीची शिवण, गादीचे कोपरे आणि लाकडी खाटेच्या स्क्रूची भोकं पाहायची. शाईचा ठिपका पसरल्यासारखे काळे डाग, ढेकणांनी टाकलेली वाळकी कात किंवा मिलिमीटरभर पांढरी अंडी दिसली की ती खाट बंद. चादर तिथेच पिशवीत घालून तोंड बांधायचं. उघडी चादर हातात घेऊन दुसऱ्या खोलीतून गेलात तर ढेकूण तुम्हीच वाटले. कापड ६० अंश गरम पाण्यात अर्धा तास. आपल्याकडे मे महिन्यात बाज अंगणात टाकली की ढेकूण उन्हाने मरतात, तो उपाय तिथे लागू पडत नाही. तिथला पारा तिशीच्या आसपास राहतो, तेवढ्याने ढेकणाला काही होत नाही. अंडी साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून एकदा औषध मारून काम संपत नाही. सातव्या आणि चौदाव्या दिवशी त्याच खाटा पुन्हा तपासायच्या. आणि ज्या पाहुण्याला चावे आले त्याच्याशी वाद घालायचा नाही. त्याची खाट बदला, कपडे फुकट धुऊन द्या.

बाथरूमसाठी बाजारात मिळणारं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (म्हणजे ब्लीच) असेल तर एक लिटर पाण्याला २० मिली, दहा मिनिटं राहू द्यायचं, मग पाणी. ॲसिडवाला टॉयलेट क्लीनर ओतल्यावर त्याच भांड्यात हे कधीच ओतायचं नाही. क्लोरीन वायू तयार होतो आणि छोट्या बंद बाथरूममध्ये तो माणसाला आडवा करतो. नव्या पोरांकडून सगळ्यात जास्त हीच चूक होते: "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होईल" असं वाटतं.

पाण्याच्या बाबतीत तुम्ही बाकी इंटर्नपेक्षा पुढे असाल. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला टँकर आणि ड्रम काय असतो ते शिकवावं लागत नाही. बेटावर पाऊस भरपूर, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास, पण गोडं पाणी साठवायला जागा कमी, त्यामुळे पावसाळा सरला की ओढाताण सुरू होते. २४ माणसं माणशी १०० लिटरने २,४०० लिटर पाणी संपवतात. वरची टाकी १,००० लिटरची असेल तर दिवसातून तीनदा तरी मोटार लावावी लागते, आणि तीही वीज असताना. खालची टाकी तळाला गेली की मोटार एअर घेते. विहिरीवरच्या मोटारीला करता तसंच: बंद करा, पाणी भरून हवा काढा, फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) गळतोय का बघा, मगच चालू करा. कोरडी चालली तर सील जातं, आणि सुटा भाग शहरातून बोटीने येईपर्यंत बादल्या वाहाव्या लागतात. खाऱ्या हवेने कुलपं, कड्या, सायकलच्या साखळ्या गंजतात. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याचं फडकं आणि तेलाचा थेंब, एवढं केलं तरी पुष्कळ टिकतात.

काउंटरवर शिकण्यासारखं सगळ्यात मोलाचं म्हणजे नोंद. भारतीय पाहुण्याचं आधार, लायसन्स किंवा पासपोर्ट घ्यायचं. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. परदेशी पाहुणा आला की ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात ती नोंद २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावीच लागते. पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसा क्रमांक यांची अदलाबदल ही नेहमीची चूक. कागद हातात ठेवून भरा, पाहुण्याने तोंडी सांगितलेलं लिहू नका. रात्रीवर ढकलू नका, कारण नेट जातं. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून परिस्थिती खूप सुधारली, तरी वीज गेली की राउटरही जातो.

एकाच खाटेवर दोन बुकिंग पडतात त्यामागे बहुतेक वेळा फोनवर घेतलेलं तोंडी बुकिंग असतं. कुणीतरी "हो, या" म्हणतो आणि सिस्टममध्ये टाकायला विसरतो. संगणक ती खाट रिकामी समजून विकून टाकतो. त्यामुळे फोन कानाला असतानाच नोंद करायची सवय लावा. आणि समुद्र खवळून बोट रद्द झाली तर न आलेल्या पाहुण्याला "नो-शो" करून पैसे कापू नका, आधी फोन करा. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं होतात, तेव्हा असे दिवस येतातच. त्याच दिवसांत भाजीही येत नाही, म्हणून कांदे-बटाटे आठवडाभराचे ठेवतात. नाश्त्याला पोहे करायला सांगितले तर २० जणांना दीड किलो जाड पोहे पुरतात. दमट हवेत ते आधीच नरम झालेले असतात, तेव्हा भिजवू नका, चाळणीत नुसते धुऊन निथळा. वरून तर्री दिलीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतील.

पाहुणे तुम्हाला समुद्राबद्दल विचारतील, तेव्हा थोडं पाठ असू द्या. राधानगर किनारा पश्चिमेला, सूर्यास्त तिथे. काला पत्थर पूर्वेला, सूर्योदय तिथे. घड्याळ भारताचंच, पण बेट फार पूर्वेला असल्याने नोव्हेंबरात पाच वाजण्याच्या सुमारास सूर्य बुडतो, आपल्याकडच्यापेक्षा पाऊण तास आधी. साडेपाचला सूर्यास्त बघायला निघालेल्या पाहुण्याला दुपारीच सांगायला हवं. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्या दिवशीच्या वेळा खडूने फळ्यावर लिहा. पूर्वेकडच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब जातं, खडक आणि मेलेलं प्रवाळ उघडं पडतं, लोक अनवाणी चालतात आणि पाय कापून घेतात. प्रवाळाची जखम साबण आणि गोड्या पाण्याने चोळून धुवायची, कण आत राहिले तर चिघळते. डायव्हिंग केलेल्याने विमानात बसण्याआधी किमान १२ तास, एकाहून जास्त डाइव्ह असतील तर १८ तास थांबायचं असतं. सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी विमान असा बेत कानावर आला तर लगेच अडवा. शिंपले-प्रवाळ बॅगेत नेणं कायद्याने गुन्हा आहे, विमानतळावर काढून घेतात. खाडी आणि खारफुटीजवळ मगरीचा बोर्ड असेल तिथे पाण्यात उतरू द्यायचं नाही, पाहुणा कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी. बेटावर प्राथमिक उपचार होतात. गंभीर रुग्णाला श्री विजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, जी.बी. पंत रुग्णालयात न्यावं लागतं.

पोचायचं कसं: सेवाग्राम किंवा बल्लारशाहहून रेल्वेने चेन्नई, नाहीतर वर्ध्याहून हावडा, तिथून विमानाने श्री विजयपुरम आणि मग बोटीने बेट. जहाजही आहे, पण चेन्नईहून तीन दिवस लागतात आणि महिन्यात मोजक्याच फेऱ्या असतात. विमान दुपारी उशिरा उतरणार असेल तर त्याच दिवशी बोट मिळेल असं धरू नका, एक रात्र शहरात काढा. सरकारी बोट स्वस्त, पण तिकिटात बेटवासीयांना आधी प्राधान्य. खाजगी बोटीला हजाराच्या वर लागतात. परतीच्या वेळीही बोट आणि विमान यांच्यात एक दिवस मोकळा ठेवा. भारतीयाला स्वराज द्वीपासाठी परवाना लागत नाही. भाषेची चिंता नको: वस्ती मुख्यतः बंगाली, पण हिंदी सगळ्यांना येते. थोडी रोख जवळ ठेवा, नेट गेलं की यूपीआयही जातं. वाळूतल्या बारीक माश्या पायांना चावतात, खोबरेल तेल लावून बसलं तर कमी चावतात. खाजवलं की जखम होते.

एक सावधगिरी. तुम्ही विचारलं नाही, पण अशा कामांच्या शोधात असताना "थायलंडच्या बेटावर हॉस्टेल इंटर्नशिप, तिकीट आम्ही काढतो" असे निरोपही येतात. थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागतं, पर्यटक म्हणून जाऊन काम करणं बेकायदा आहे. नोकरीच्या नावाने तिकडे नेऊन पुढे म्यानमारमधल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलेल्या भारतीय तरुणांची सरकारला सुटका करावी लागली आहे. एजंट असेल तर ई-मायग्रेट या परराष्ट्र मंत्रालयाच्या पोर्टलवर त्याची नोंदणी बघा. नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

निघायला अजून वेळ असेल तर घरीच तयारी करा. घड्याळ लावून चादर घालायचा सराव करा, सहा मिनिटांत चारही कोपरे ताणलेले यायला हवेत. स्वतःचा परिचय आणि चेकइनचे दहा-बारा प्रश्न इंग्रजीत मोठ्याने म्हणा, फोनवर रेकॉर्ड करून ऐका. एक्सेलमध्ये २४ ओळी आणि ३० रकाने काढून महिन्याचा खाटांचा तक्ता बनवा आणि खोटी बुकिंगं भरून बघा. आणि मालकाशी पुढचं बोलणं होईल तेव्हा विचारा की चादरींचे किती संच आहेत आणि पाण्याची टाकी किती लिटरची. ज्याला हे आकडे तोंडपाठ आहेत, त्याच्याकडे तीन महिन्यांत भरपूर शिकाल.