सत्तर अर्जांच्या आड

परदेशात शिकणाऱ्या मुलामुलींशी समुपदेशक म्हणून ऑनलाइन बोलायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येतंच, “पार्ट-टाइम काही मिळत नाहीये.” त्याच्या मागोमाग बाकीचं येतं: कर्ज, घरी काय सांगू, बरोबरच्या सगळ्यांना मिळालं.

त्यांतली एक मुलगी ब्रिटनमध्ये एमएस्सी करत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

“सत्तर अर्ज केले, मॅम. एकाचंही उत्तर नाही. माझ्यातच खोट आहे काहीतरी.”

“त्यातल्या किती ठिकाणी स्वतः जाऊन विचारलंस?”

“सगळे ऑनलाइनच केले.”

“ग्रंथालयात? तिथे तर रोज बसतेस म्हणालीस.”

“तिथेही ऑनलाइनच.”

मी तिला एक अर्ज वाचून दाखवायला सांगितला. कॅफेतल्या कामासाठीचा होता. आधी पदवीचे गुण, मग प्रकल्पाचं लांबलचक नाव, मग पायथॉन प्रोग्रॅमिंग. कोणत्या दिवशी मोकळी आहेस, हे दोन पानांत कुठेच नव्हतं. वाचता वाचता तिलाच हसू आलं.

अर्जाची डागडुजी सोपी होती. एक पान, वर मोकळे दिवस आणि वेळा, खाली लोकांशी बोलण्याचा, पैसे हाताळण्याचा जो काही अनुभव असेल तो. विद्यापीठाचं करिअर सेंटर हे फुकट करून देतं, त्यासाठी माझी गरज नाही.

दुसऱ्या वेळी मात्र गाठ सुटली.

“समोरासमोर विचारलंस आणि नाही म्हणाले, तर?”

“तर मग ते खरं ठरेल.”

“काय खरं ठरेल?”

बराच वेळ पडद्यावर नुसती तिची झुकलेली मान. मी बोलले नाही. बोलायचा मोह आवरणं हे या व्यवसायातलं निम्मं कौशल्य आहे, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं असं मला वाटतं.

“की मी इथे कुणालाच नको आहे.”

सत्तर अर्जांच्या आड ती लपून बसली होती. ई-मेलला उत्तर आलं नाही की त्याचा अर्थ काहीही लावता येतो. माणूस तोंडावर नाही म्हणाला, की पळवाट उरत नाही. पण ‘या जागी आत्ता माणूस नको’ आणि ‘मी नकोशी आहे’ ही दोन वाक्यं तिने कधीच एकमेकांना चिकटवून टाकली होती. ती सोडवण्यापुरतंच माझं काम.

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची, म्हणजे भीतीमागचा विचार तपासून तो बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीची. त्या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांनी एकोणिसाव्या वर्षी, स्त्रियांशी बोलायची भीती घालवायला, न्यूयॉर्कच्या एका बागेत बाकावर बसलेल्या शंभराहून अधिक अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम संभाषण सुरू केलं होतं. नकार खूप मिळाले, आकाश कोसळलं नाही. तिला मी हेच सांगितलं आणि गृहपाठ दिला: “आठवड्यात दहा नकार आणून दे. होकार मोजायचा नाही.”

पाच आणले. चौथ्या ठिकाणी मॅनेजरने विचारलं, “तुला किती तास चालतात?” आणि ती अडखळली. इथे बहुतेकांची माती होते. व्हिसाने घातलेली तासांची मर्यादा मोडली तर मालकालाही दंड बसतो, त्यामुळे तुमच्या डोळ्यांत गोंधळ दिसला की तो मागे सरतो. म्हणून एक वाक्य तिच्याकडून घोटून घेतलं: “सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, मंगळवार-गुरुवारी दुपारनंतर आणि शनिवारी पूर्ण दिवस.”

नियम देशागणिक वेगळे, म्हणून मित्राचं ऐकून चालत नाही. ऑस्ट्रेलियात सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास, कॅनडात २०२४ पासून आठवड्याला २४, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. अमेरिकेत पहिलं शैक्षणिक वर्ष साधारणपणे कॅम्पसवरच काम, तेही सत्रात आठवड्याला २० तास. ब्रिटनमधली आणखी एक मेख: विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, म्हणजे ॲपवरून डिलिव्हरीचं काम बहुधा बादच. आणि मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा म्हणजे सुट्टी नव्हे, प्रबंध देईपर्यंत साधारणतः २० तासच. ‘रोख देतो, कागदावर नको’ म्हणणारा, किंवा कामाआधी डिपॉझिट मागणारा भेटला, तर तिथे नकार तुम्ही द्यायचा.

अजून एक, जे कुणालाच ऐकायला आवडत नाही: या पैशातून राहण्याखाण्याचा काही भाग निघतो. फी निघत नाही. तो हिशेब परदेशी निघण्यापूर्वीच घरात मांडायला हवा.

तिला काम मिळालं, ग्रंथालयातच, परत आलेली पुस्तकं जागेवर लावायचं. माणूस हवा असल्याची चिठ्ठी काउंटरवरच चिकटवलेली होती. त्या चिठ्ठीसमोरून ती रोज जात होती.

सध्या ती वीसऐवजी बाराच तास करते, कारण दोन असाइनमेंट डोक्यावर आहेत. बाबांना वाटतं ती पुरेशी झटत नाही. त्यांना हे समजावून सांगायचा फोन तिने अजून केलेला नाही. गुरुवारी आम्ही तेच बोलणार आहोत.