गोठवलेल्या स्टेम सेल रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सावकाश का वितळवत नाहीत?

मडगावहून तुम्ही विचारलंय, की बाबांना मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) आहे, त्यांच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, काढून गोठवल्यात आणि पुढच्या आठवड्यात त्या परत चढवायच्यात. डॉक्टर म्हणतात, बॅग खाटेशेजारीच काही मिनिटांत वितळवू. एवढी घाई कशाला, फ्रीजमध्ये सावकाश वितळवलेल्या बऱ्या नव्हेत का?

नव्हेत. मी फोंड्याचा, आणि बरीच वर्षं ट्रान्सप्लांट युनिटच्या लॅबमध्ये हेच काम केलंय.

मासेमारीबंदीच्या जून-जुलैत आपण फ्रीझरमधली इसवण (सुरमई) खातो. वितळताना ताटलीत पाणी सुटतं, तुकडी लिबलिबीत होते. त्यातलं बरंचसं पाणी बर्फाच्या स्फटिकांनी फाडलेल्या पेशींतलं. हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, त्याने काही बिघडत नाही. बाबांच्या पेशींना मात्र जिवंत राहून अस्थिमज्जेत जाऊन बसायचंय.

म्हणून गोठवतानाच त्यांत साधारण १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना बर्फापासून राखणारं रसायन) घालतात, मिनिटाला सुमारे १ अंश इतक्या संथपणे थंड करतात आणि द्रव नायट्रोजनच्या वाफेत, उणे १५० अंशांच्याही खाली ठेवतात. तिथे त्या वर्षानुवर्षं टिकतात. खरी भीती परत येताना. शून्याखालच्या शेवटच्या पन्नासेक अंशांत रेंगाळलात, तर बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पेशी फाडतात. तो टप्पा झटकन ओलांडायचा. बरं, वितळल्यावर ज्याने त्यांना राखलं तो डीएमएसओच त्यांना बाधू लागतो. रात्रभर फ्रीज म्हणजे दोन्ही नुकसानं एकदम.

फ्रीजचं तुम्ही कुठे ऐकलंत याचा अंदाज आहे. मायलोमासाठी काही ठिकाणी पेशी गोठवतच नाहीत, ताज्याच ४ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवून चढवतात. ती वेगळी पद्धत. एकदा गोठवलेल्या बॅगेला ती लावता येत नाही.

त्या दिवशी बघाल ते असं. बॅग बाहेर काढण्याआधी सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) चालू आहे ना, ॲलर्जीची औषधं दिली ना, हे पाहतात. दोघं जण लेबल मोठ्याने वाचतात. बॅग दुसऱ्या निर्जंतुक पिशवीत घालून ३७ अंशांच्या पाण्यात सोडतात आणि बोटांनी हलकेच चाळवत राहतात. पाणी याहून गरम करून वेळ वाचवायचा नसतो, पेशी भाजतात. चुरलेल्या बर्फासारखा थोडा गोळा उरला की बाहेर, लगेच लाईनला. साध्या रक्ताच्या सेटची गाळणी चालते. पांढऱ्या पेशी अडवणारी गाळणी कधीच नाही, तिच्यात स्टेम सेलच अडकतील. पहिली बॅग नीट सोसली तरच दुसरी पाण्यात घालायची, कारण वितळलेली परत गोठवता येत नाही.

ती बाहेरची पिशवी मला फार महत्त्वाची वाटते. एका ठिकाणी माझ्या हातातच बॅगेला नळीजवळ केसाएवढी चीर गेली. इतक्या थंडीत प्लॅस्टिक काचेसारखं होतं, उचलताना धक्का लागला असणार. पिशवीच्या आतल्या बाजूला गुलाबी रेघ दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. आर्टरी फोर्सेप्सने चिरेपाशी चिमटा लावला, उरलेला माल निर्जंतुकपणे काढून घेतला, जंतू शिरलेत का पाहायला कल्चरला नमुना पाठवला, डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं. पेशंटच्या पेशी पुढे नीट रुजल्या. बाहेरची पिशवी नसती तर त्या वॉटर बाथच्या पाण्यात गेल्या असत्या. तेव्हा आधीच विचारून ठेवा: बाहेरची पिशवी घालता ना, आणि बॅग फुटली तर काय करता? चांगल्या युनिटला या प्रश्नाचा राग येत नाही.

चढवताना बाबांना घशात खवखव, मळमळ, छातीवर दडपण वाटू शकतं. वाटलं की तिथल्या तिथे नर्सला सांगायचं, सोसत बसायचं नाही. वेग कमी करता येतो. नंतर लघवी लालसर दिसली तर बहुतेकदा ती गोठवण्यात फुटलेल्या तांबड्या पेशींमुळे असते, तरीही दाखवा.

आणि लसणीचा वास. डीएमएसओपासून शरीरात बनणारा वायू श्वासावाटे बाहेर पडतो तेव्हा खोलीभर दिवस-दोन दिवस तो दरवळतो. एका पेशंटची आई मला रागाने म्हणाली होती, "सोलकढी वर्ज्य सांगितलीत ना, मग ही लसूण कोणी आणली?"