नदी डोंगराच्या आरपार कशी जाते?

प्रश्न : मॅपवर कॅनडाच्या पार उत्तरेतली साउथ नहानी नदी बघत होतो. आमच्या इथे उल्हास नदी येऊरच्या डोंगराला वळसा घालून घोडबंदरवरून वसईला जाते, ही मात्र थेट डोंगररांगेतून घुसलीय आणि आत नागमोडी वळणं पण आहेत. वळणं तर सपाटीवर पडतात ना?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : बरोबर, सपाटीवरच पडतात, आणि तिथेच तुमचं उत्तर आहे. ती वळणं पडली तेव्हा तिथे डोंगर नव्हता. नदी आधीची, डोंगर नंतरचे. नदी आरामात वळत वाहत होती आणि खालची जमीन वर उचलली जायला लागली, पण इतकी हळू, की जमीन जेवढी वर येईल तेवढं नदी कापत गेली, तिला रस्ता बदलावाच लागला नाही आणि जुनी वळणं तशीच्या तशी खडकात उतरली. आपल्या सिंधू, सतलज हिमालय कापून येतात त्या याच कारणाने.

नहानीची खरी कमाल पुढेच आहे. एवढ्या उत्तरेला हिमनद्यांनी बऱ्याच दऱ्या खरवडून रुंद करून टाकल्या, पण हिच्या खालच्या, म्हणजे मुखाकडच्या घळयांपर्यंत (नदीने कापलेल्या खोल, अरुंद दऱ्यांपर्यंत) शेवटच्या हिमयुगातला बर्फ पोचलाच नाही, म्हणून त्या अरुंद आणि उभ्या राहिल्या. तिसऱ्या घळईत ‘द गेट’ म्हणून जागा आहे, तिथे नदी एकदम वळते आणि पाण्यातून थेट साडेचारशे मीटरच्या आसपास सरळसोट कडे उभे, बघूनच छाती दडपते. पहिल्या घळईत चुनखडीच्या भिंती हजार मीटरच्याही पुढे जातात.

चौथी घळई मात्र वेगळी, ती व्हर्जिनिया धबधब्याने केलीय. 90 मीटरहून उंच, म्हणजे नायगाराच्या जवळपास दुप्पट. कड्याचा दगड तुटत गेला, धबधबा मागे सरकत गेला आणि मागे घळई राहिली. मधोमध एक सुळका अजून टिकून आहे, पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी कोसळतं.

1978 मध्ये युनेस्कोची जागतिक वारशाची पहिली यादी आली त्यात नहानी होती, आणि असायलाच हवी होती. धबधब्यापर्यंत रस्ता नाही, लोक पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जातात.

आता मॅप परत उघडा. घळयांचे नंबर मुखाकडून आहेत, तेव्हा नहानी बट गावापाशी ती लिआर्ड नदीला मिळते तिथून सुरू करून वर सरका, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, मग धबधबा. त्याच्याही वर गेलात की रुंद दरीत नदी आजही मोकळी वळणं घेताना दिसेल.