कपातीची नोकरी आणि ‘स्वखुशीचा’ राजीनामा

प्रश्न : मी एका खासगी कंपनीत हिशेब विभागात ६ वर्षं ८ महिने काम करतो आहे. आमच्या विभागातल्या चार जागा रद्द झाल्या. एचआरने एक मजकूर तयार करून पाठवला आणि सांगितलं, ‘हा राजीनामा उद्यापर्यंत मेल करा, म्हणजे अनुभवाचं पत्र आणि एक महिन्याचा पगार लगेच देऊ.’ मी काय करावं? मला आणखी काही मिळू शकतं का?

उत्तर : तो मेल पाठवू नका. सगळं त्यावरच अडलेलं आहे. जागा रद्द झाली म्हणून मालक काढतो ती ‘कामगार कपात’ आणि तिची भरपाई कायद्याने द्यावी लागते. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहून तुम्हीच बाहेर पडलात, तर भरपाई मागायला आधारच उरत नाही. एचआरला एवढंच लिहा : ‘मी राजीनामा देत नाही. कंपनीला माझी सेवा संपवायची असेल, तर कारणासह लेखी पत्र द्यावं.’ राजीनामा आधीच गेला असेल आणि अजून मंजूर झाला नसेल, तर तो मागे घेत असल्याचा मेल आजच करा. दबाव कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत आणला, तेही त्यात लिहा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू आहे. सलग एक वर्ष (म्हणजे १२ महिन्यांत २४० दिवस) काम केलेल्या कामगाराला काढताना कारण सांगून एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची वर्षं ७. ही रक्कम काढतानाच हातात पडायला हवी. ‘नंतर बघू’ म्हटलं तर ती कपातच कायद्यात टिकत नाही.

कायद्याच्या व्याख्येनुसार तुमचं मासिक वेतन ३०,००० रुपये आहे असं धरू. नोटिशीचे ३०,०००. भरपाई १५,००० गुणिले ७, म्हणजे १,०५,०००. ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेबद्दल मालक देतो ती एकरकमी रक्कम) ३०,००० × १५ ÷ २६ × ७, म्हणजे सुमारे १,२१,१५४; इथे भागाकार २६ ने होतो, ३० ने नव्हे, आणि नेमकी हीच चूक हिशेबात वारंवार दिसते. पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्यांना नवं काम शिकता यावं म्हणून असलेला निधी) १५ दिवसांचं वेतन, १५,०००, कपातीनंतर ४५ दिवसांत खात्यात. एकूण २,७१,१५४. कंपनी देऊ करते ते ३०,०००!

वेतनाचा आकडा मात्र पगारपत्रकावर तपासा. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात मिळवला जातो. शिल्लक पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. पीएफ वेगळा, तो तुमचाच आहे, त्याला भरपाईत मोजू देऊ नका.

प्रश्न : मी त्याच कंपनीत ‘टीम लीडर’ आहे. एचआर म्हणतं, तुम्ही कामगार नाही.

उत्तर : पदनामावर ठरत नाही, रोजच्या कामावर ठरतं. दिवसभर तुम्ही स्वतः नोंदी करत असाल आणि रजा मंजूर करणं, माणसं नेमणं, काढणं हे अधिकार तुमच्याकडे नसतील, तर दावा धरून ठेवा. खरोखर व्यवस्थापकीय काम असेल, किंवा देखरेखीचं काम आणि वेतन महिना १८,००० हून जास्त असेल, तर ही भरपाई लागू नाही. तिथे नेमणूकपत्रातली नोटिशीची अट बघा. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षं भरली असतील तर तुम्हालाही आहे.

दोघांनीही कंपनीचा मेल बंद होण्यापूर्वी नेमणूकपत्र, पगारपत्रकं आणि एचआरचे मेल स्वतःकडे घ्या. त्याच कामातल्या नव्या माणसाला ठेवून जुन्याला काढलं असेल, तर त्याचीही नोंद करा : शेवटी आलेला आधी जातो, हा नियम आहे, आणि तो मोडायचा तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर कपात झालेल्याला आधी विचारावं लागतं. पैसे अडवले तर कामगार आयुक्त कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्याकडे (मालक-कामगार वादात तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) अर्ज करा. वाद सुरू झाल्यापासून २ वर्षं उलटली की ते प्रकरण हाती घेत नाहीत.