बेदाण्याची पेटी आणि बीकॉमची सहा सत्रं

(एकतीस वर्षं सांगली जिल्ह्यात अकाउंट्स शिकवून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका या सदरातून वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्सला ७१ टक्के मिळवून बीकॉमच्या पहिल्या वर्षाला गेली. वेळापत्रकात मेजर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशी नावं आहेत आणि अकाउंट्सचे तास मोजकेच. शेजारी म्हणतात, आताच्या बीकॉममध्ये काही राहिलं नाही. फीचे पैसे वाया जातायत का? तिचे वडील बेदाण्याच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत, मी शिवणकाम करते.
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, वडील दिवाणजी आहेत हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझं निम्मं उत्तर तिथेच आहे. त्याकडे येते. आधी वेळापत्रक बघू.

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आपल्या राज्यात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली. पदवी आता श्रेयांकांत मोजतात. वर्गात शिकवण्याचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. सत्राला २० ते २२, वर्षाला ४० ते ४४ आणि तीन वर्षांचे मिळून १२० ते १३२. यातले किमान निम्मे मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे आणि त्याला जोडलेल्या कौशल्य व प्रशिक्षणाचे. मात्र हा निम्मा वाटा सगळ्या सत्रांत सारखा वाटलेला नाही. शासनाच्या आराखड्यात पहिल्या सत्राच्या २२ पैकी साधारण ६ श्रेयांक मेजरला आहेत, दुसऱ्या वर्षी सत्राला ८ आणि तिसऱ्या वर्षी १४ च्या आसपास. कॉलेजागणिक थोडा फरक पडतो. तुमच्या मुलीला आज अकाउंट्स कमी दिसतंय ते यामुळे. तिसऱ्या वर्षी तिला दुसरं काही दिसणार नाही!

बाकीच्या अक्षरांपैकी ओई म्हणजे खुला विषय, तो कॉमर्सच्या बाहेरच्या शाखेतूनच घ्यावा लागतो. मैत्रिणीनं घेतला म्हणून घेऊ नका. तिला मानसशास्त्र, भूगोल, संगणक यांतलं काय आवडतं ते विचारा आणि कॉलेजात त्यातलं काय मिळतं ते बघा. मायनर म्हणजे दुय्यम विषय. तो एकदा निवडला की पुढची सत्रं सोबत राहतो, म्हणून तिथे घाई नको. व्हीएससी आणि एसईसी कौशल्यांचे, व्हीईसी मूल्यशिक्षणाचा, आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरेचा. एईसी भाषेचा. त्याला मुलं हलकं समजतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ताळेबंद बिनचूक जुळवणारी, पण बँकेला कर्जखात्याबद्दल चार ओळींचं पत्र लिहिता न येणारी मुलं मी दर वर्षी पाहिली. नोकरीत पहिली अडचण पत्राची येते.

आता बेदाणा. शेतकरी माल अडत्याकडे देतो, सौद्यात भाव निघतो, हमाली, तोलाई, कमिशन वजा होऊन पट्टी, म्हणजे हिशोबाची चिठ्ठी, हातात पडते. ही पट्टी म्हणजे अकाउंट्समधलं कन्साईनमेंटचं, दुसऱ्याकडे विकायला दिलेल्या मालाच्या हिशोबाचं, प्रकरण, जसंच्या तसं. व्यापाऱ्याच्या काही पेट्या ३१ मार्चला कोल्ड स्टोरेजमध्ये न विकता उरल्या, तर ताळेबंदात त्यांची किंमत काय धरायची? पडलेला खर्च आणि बाजारातली किंमत यांत जी कमी असेल ती. चार किलो द्राक्षं वाळून साधारण एक किलो बेदाणा होतो. उरलेल्या तीन किलोंना कॉस्टिंगमध्ये नॉर्मल लॉस म्हणतात, आणि त्यांचा खर्च हाती आलेल्या त्या एका किलोवर चढतो. मी हा धडा वर्गात मूठभर मनुके नेऊन शिकवायचे. गणित कळलं नाही असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

अडत्या आणि शेतकरी यांचं नातं १८७२ च्या करार कायद्यात एजंट आणि मालक म्हणून आहे. कोल्ड स्टोरेजवाला दुसऱ्याचा माल सांभाळतो, तेही त्याच कायद्यात. व्यापाऱ्याचा चेक वटला नाही तर १८८१ चा चलनक्षम दस्तऐवज कायदा, कलम १३८. पट्टी, वजनाची चिठ्ठी आणि स्टोरेजची पावती एकमेकींशी ताडून बघणं म्हणजे ऑडिट. भाव पडलेला असताना आज विकायचं की दिवाळीच्या मागणीपर्यंत थांबायचं, हा अर्थशास्त्राचा प्रश्न, आणि थांबलं तर स्टोरेजचं भाडं आणि उचलीवरचं व्याज किती चढेल, हा व्यापारी गणिताचा. सहा सत्रांतले एवढे विषय एका पेटीत आहेत. महिन्यातून एकदा वडिलांनी तिला जुनी पट्टी समोर ठेवून समजावून सांगावी. दुकानातली असेल तर शेठजींना विचारून आणावी आणि नावं झाकावीत.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळा. अकाउंट्स हा चढत जाणारा विषय आहे. पहिल्या वर्षीची अंतिम खाती (नफातोटा आणि ताळेबंद) कच्ची राहिली की दुसऱ्या वर्षी कंपनीची खाती अडतात, आणि ती अडली की तिसऱ्या वर्षीचं ऑडिट नुसतं पाठांतर होतं. माझ्याकडे तिसऱ्या वर्षी रडत आलेल्या बहुतेक मुलींची चूक पहिल्या सत्रातल्या घसाऱ्याच्या किंवा समायोजनाच्या नोंदींत सापडायची. तेव्हा आठवड्याला तीन गणितं, पेन्सिलनं, पूर्ण. उत्तर बघून समजलं म्हणणं चालणार नाही.

पुस्तकं जुनी घ्यायला हरकत नाही, आयकराचं सोडून. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा लागू झाला, आणि मागील वर्ष व कर निर्धारण वर्ष या जोडीऐवजी आता एकच करवर्ष आहे. जुन्या पुस्तकातली कलमं पाठ करून मुलं फसतील.

प्रश्न : बारावी सायन्स करून बीकॉमला आलो. सर पहिल्याच दिवशी ‘हे अकरावीत झालंय’ म्हणून पुढे गेले. मला डेबिट म्हणजे काय तेही माहीत नाही. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शाखा बदलून चूक केली का?
– एक विद्यार्थी, विटा

उत्तर : बाळा, दोन महिने नेटानं बसलास तर नाही. बालभारतीचं अकरावीचं पुस्तपालन आणि लेखाकर्माचं पुस्तक आण. त्यातली रोजकीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (खातेवार नोंदी), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) आणि अंतिम खाती एवढीच प्रकरणं, याच क्रमानं कर. क्रम मोडू नकोस.

सोबत एक वही घे आणि रोज रात्री दुकानाचे व्यवहार लिही. पंक्चर काढून रोख आले : रोख खाते नावे (म्हणजे डेबिट), दुरुस्ती उत्पन्न खाते जमा (म्हणजे क्रेडिट). ट्यूब उधार आणल्या : खरेदी खाते नावे, ज्याच्याकडून आणल्या त्याचे खाते जमा. वडिलांनी गल्ल्यातून घरखर्चाला ५०० रुपये घेतले : उचल खाते नावे, रोख खाते जमा. या तिसऱ्या नोंदीपाशी थांबून विचार कर. दुकान वडिलांचं, पैसे वडिलांचे, तरी दुकान त्यांच्याच नावे रक्कम लिहितं. धंदा वेगळा आणि मालक वेगळा, हे तिथे कळतं, आणि ते कळलं की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात.

महिनाअखेरीस तेरीज काढ. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर चूक शोध, वही फाडू नकोस. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर नंतर शीक. ते नोंदी झटपट करतं, पण कुठलं खातं नावे टाकायचं हे तुलाच ठरवावं लागतं. संख्याशास्त्रात तू वर्गाच्या पुढे असशील. तिथे मित्रांना मदत कर, ते तुला अकाउंट्समध्ये करतील.

प्रश्न : मुलीला सीए व्हायचंय. बीकॉम तीन वर्षांचं करावं की चार? फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, एकदा अपयश आलं, तेव्हापासून ती गप्प आहे.
– एक वडील, मिरज

उत्तर : दादा, हे उत्तर आधी तिला वाचायला द्या.

फाउंडेशन सुटलं नाही म्हणून सीएचं दार बंद होत नाही. आता ही परीक्षा वर्षातून तीनदा होते : जानेवारी, मे-जून आणि सप्टेंबर. आणि तीही नको असेल तर कॉमर्सची पदवी ५५ टक्क्यांनी पूर्ण केल्यावर थेट इंटरमीजिएटला, म्हणजे सीएच्या पुढच्या टप्प्याला, नोंदणी करता येते. ज्या बीकॉमला ती आज उरलेला रस्ता समजते आहे, तोच सीएकडे जाणारा दुसरा रस्ता आहे. माझ्या वर्गातल्या दोन मुली याच वाटेनं सीए झाल्या. फाउंडेशनला त्याही अडल्या होत्या.

तीन की चार, याचा निर्णय आज करायचाच नाहीये. पहिली सहा सत्रं सारखीच आहेत. चौथं वर्ष केलं तर पदवी ऑनर्स होते आणि पुढे एमकॉम एका वर्षात होतं. तीन वर्षांनी बाहेर पडलात तर एमकॉम दोन वर्षांचं. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. सीएच करायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे : तीन वर्षं पुरेत. इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, करायची असते, तिथे ते चौथं वर्ष जास्त कामी येईल.

पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर प्रमाणपत्र अथवा पदविका घेऊन थांबण्याची सोय आहे, त्यासाठी कौशल्याचे ४ जादा श्रेयांक लागतात. घरात खरोखर अडचण आली तर ती सोय वापरा. मिळवलेले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात, म्हणून तिथलं तिचं खातं उघडलंय ना, ते या आठवड्यात बघून घ्या. पण मुलीचं लग्न ठरतंय म्हणून दुसऱ्या वर्षानंतर थांबवायला ही सोय केलेली नाही. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण हे सदर वाचणाऱ्या घरांपैकी काहींत ते चाललेलं असतं, म्हणून लिहिते.

आणि तिच्याशी बोला. निकालाविषयी नव्हे, तिला अकाउंट्समध्ये काय आवडतं त्याविषयी.

प्रश्न : आमच्या विद्यापीठात मराठीत पेपर लिहायची मुभा आहे. लिहिला तर नोकरीत मागे पडेन का?
– एक विद्यार्थिनी, जत

उत्तर : ज्या भाषेत विचार नीट होतो, त्या भाषेत लिही. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघालं, तेव्हा आपल्याकडे कॉमर्सचं कॉलेज शिक्षण इंग्रजीतून सुरू झालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या पेढ्यांवर कीर्द-खतावणी मोडीत लिहिली जात होती. हिशोबाला मराठी नवी नाही.

नोकरीत मात्र सॉफ्टवेअर, बँक आणि सीएचं ऑफिस इंग्रजी शब्द वापरतात. म्हणून मी पहिल्या तासाला फळ्यावर दोन रकाने आखायचे आणि वर्षभर पुसू द्यायचे नाहीत. नावे, डेबिट. जमा, क्रेडिट. खतावणी, लेजर. तेरीज, ट्रायल बॅलन्स. घसारा, डेप्रिसिएशन. ख्याती, गुडविल. तूही वहीच्या शेवटच्या पानावर हे रकाने आख आणि रोज एक जोडी लिही. तोंडी परीक्षेच्या तयारीत आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणात हे पान उघडून बस. त्या प्रशिक्षणाला बहुतेक ठिकाणी ४ श्रेयांक आहेत, म्हणजे १२० तास. तेवढ्यात तिथले शब्द तुझ्या तोंडात बसतील. जागा मात्र आधीपासून शोधून ठेव : जतमधली पतसंस्था, खतांचं दुकान, कर सल्लागार, कुणीही चालेल, फक्त तिथे रोजच्या नोंदी तुझ्या हातून व्हायला हव्यात.